अटलांटिकवरून सगळे रात्रीच जातात

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी अनोळखी मंडळी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, सिंगापुरातल्या सेंगकांगच्या अकराव्या मजल्यावरच्या आमच्या घराण्यानं अटलांटिक महासागर ओलांडायचं निश्चित केलं आहे. घराण्यानं म्हणजे घराण्यातल्या एकाच व्यक्तीनं. ती व्यक्ती चौऱ्याहत्तर वर्षांची असून नात्यानं माझी सासू लागते. तिला विचारण्यात आलेलं नाही. विचारविनिमय करायला आम्ही समर्थ आहोत.

गेल्या वर्षी ही घोषणा मी जवळजवळ याच शब्दांत जेवणाच्या टेबलापाशी केली होती, हातात आमटीचा डाव धरून. सासूबाई खो खो हसल्या. नवरा हसला नाही. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी बायको एखादा विषय नीट हाताळायला शिकली.

परिस्थिती अशी होती. सासूबाईंना तीन मुलं आणि ती तीन खंडांत. थोरली, म्हणजे माझी नणंद, बोस्टनला. मधला, माझा नवरा, सिंगापूरला. धाकटा, माझा दीर, ॲमस्टरडॅमला. सासूबाई साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. घरच्या पोरांनी तो विषय इतका मनावर घेतला असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

नवऱ्यानं बावीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, चीफ इंजिनियर झाला, आणि आता बंदरालगतच्या एका ऑफिसात बसून तो दुसऱ्यांना जहाजांवर पाठवतो. कोण कुठल्या बंदरात चढणार, कोण उतरणार, उतरणाऱ्याच्या जागी कोण येणार, याच्या याद्या करणं हे त्याचं काम. अशा कामाचा माणसाच्या नात्यागोत्यांवर काय परिणाम होतो, ते आमच्या घरी येऊन बघावं.

"आईचं सिंगापूरचं साइन-ऑफ मार्चअखेर," तो म्हणाला. "लगेच बोस्टनला साइन-ऑन. ताई घर बदलतेय, तिला माणूस लागेल. तिथून जूनमध्ये ॲमस्टरडॅम. धाकट्याच्या बायकोचं बाळंतपण."

"मी काय कंटेनर आहे का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो आई," मी म्हटलं, "कंटेनरला कुठे कुणाची बाळंतपणं करावी लागतात?"

सिंगापूर ते बोस्टन हा भाग सोपा होता. नणंद मार्चमध्ये इकडे येणार होती आणि परत जाताना आईंना घेऊन पॅसिफिकवरून जाणार होती. राहता राहिला अटलांटिक. तो मात्र आईंना एकटीनं ओलांडायचा होता, आणि याबद्दल त्यांची तक्रार काहीच नव्हती. मागणी एकच होती.

"विमान दिवसाचं बघा. आणि खिडकीजवळची जागा."

"दिवसाचं कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"बत्तीस वर्षं शिकवला तो समुद्र मी. पाहिलेला नाही. तसं बघितलं तर जे जे शिकवलं त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. सगळं पुस्तकातून पुस्तकात. आता त्याच्या डोक्यावरून जायचंच आहे, तर उजेडात जाते."

"आई, अमेरिकेकडून युरोपला येणारी विमानं संध्याकाळी सुटतात आणि सकाळी पोचतात. अटलांटिकवरून सगळे रात्रीच जातात."

"का? लाजतात?"

"आणि बघायचंय काय त्यात? नुसतं पाणी असतं. मी चौदा वेळा ओलांडलाय."

"मग? तुला कसा दिसला?"

नवऱ्यानं पाण्याचा घोट घेतला. "मी खाली इंजिन रूममध्ये असायचो," तो म्हणाला.

इतकं स्वच्छ बोलणं झाल्यावर कुठल्याही शहाण्या घरात दिवसाचं विमान शोधलं गेलं असतं. आमच्या घरात सोबत शोधायला सुरुवात झाली.

ज्यांची आई अजून एकटीनं विमानात बसलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठी माणूस विमान कंपनी निवडतो ती भाडं बघून निवडतो, सामान किती नेता येतं ते बघून निवडतो, असं बाहेरच्यांना वाटतं. स्वतःपुरतं ते खरंही आहे. पण आईला पाठवायचं असलं की एकच प्रश्न उरतो: त्या विमानात आपलं कोण आहे? मग ग्रुपवर संदेश पडतो, "जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोस्टन ते ॲमस्टरडॅम कुणी जातंय का? आई आहे. कुठलीही एअरलाइन चालेल, कुठलंही कनेक्शन चालेल." कुठलंही म्हणजे खरोखर कुठलंही. आमच्या ब्लॉकमधल्या एका आजोबांना थेट विमान असताना तीन विमानतळ फिरवून नेलं होतं, का तर तिन्हीकडे कुणाच्या तरी मावसभावाची सोबत होती. मावसभाव वीस रांगा मागे बसला, बसल्या बसल्या झोपला आणि उतरताना आजोबांनीच त्याला हलवून उठवलं. तरी घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, सोबत होती म्हणून निभावलं.

आमच्या संदेशाला एका तासात उत्तर आलं. सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, बुकित बातोकमध्ये राहणारे एक भावजी, मूळचे पुण्याचे, इथे आयटीत मॅनेजर. त्यांची आईसुद्धा तेव्हा बोस्टनला, लेकीकडे होती. त्यांनासुद्धा जूनमध्येच ॲमस्टरडॅमला जायचं होतं, धाकट्या लेकाकडे. म्हणजे आमच्यासारखंच घर: तीन मुलं, तीन खंड आणि मध्ये फिरती आई. आमच्या पिढीनं हा साचा कुठून आणला कोण जाणे, पण चालला बुवा!

रविवारी सकाळी सेंगकांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, बैठक ठरली. टेबल धरून ठेवायला मी टिश्यूचं पाकीट ठेवलं. भावजींनी त्यावर लॅपटॉप ठेवला. आम्ही दोघं, आमची सोळा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंसमोर थोसाई, म्हणजे इथला डोसा, होती. मतदानाचा हक्क नव्हता.

"वहिनी, मी सगळे पर्याय एक्सेलमध्ये घातलेत," भावजी म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला गुण. कनेक्शनला वेळ किती, गेट किती लांब, जेवण कसं, स्वच्छतागृह किती पावलांवर. बेरीज आपोआप होते. भावनेचा प्रश्नच नाही."

"आइसलँडमार्गे जाणाऱ्याला कनेक्शन किती आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"सव्वा तास."

"बाद. चार तास हवेत. कुठलंही बंदर वेळेवर मिळत नसतं."

"चीफ, विमानाला भरती-ओहोटी नसते हो."

"आणि धुकं? वारा? समजा त्या दिवशी धावपट्टीच रिकामी नसली तर?"

"मग लिस्बनमार्गे घ्या. तिथे पाच तास मिळतात."

"लिस्बन कुठे, ॲमस्टरडॅम कुठे!" सासूबाई चटणीत बोट बुडवत म्हणाल्या. "म्हणजे पुण्याहून मुंबईला जायचं तर आधी कोल्हापूर बघून यायचं."

त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. विषय जेवणावर गेला होता. जैन जेवण सांगितलं की ट्रे सगळ्यात आधी येतो, असा भावजींचा अनुभव. आधी आलं तरी त्यात चव नसते, असा नवऱ्याचा. दहा मिनिटं दोघं अभियंते या प्रश्नावर भांडले.

"मी अंडं खाते," सासूबाई म्हणाल्या.

"पप्पा, आजीला काय पाहिजे ते तिने ऑलरेडी सांगितलंय, लाह," लेक मोबाइलमधून मान वर न काढता इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

तेव्हा कुठे भावजी वळले. "काय हवंय काकू?"

"दिवसाचं विमान."

भावजींनी बराच वेळ स्क्रीन खालीवर केली. "आहे एक. सकाळी सुटतं. पण ते लंडनला जातं आणि रात्री पोचतं. पुढचं कनेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे मध्ये एक रात्र हॉटेल." त्यांनी दुःखानं मान हलवली. "काकू, समुद्र दिसणं याला माझ्याकडे कॉलमच नाहीये."

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीचं तर रात्रीचं. पण सोबत मला नकोय, सांगून ठेवते. चाळीस-चाळीस पोरींच्या सहली नेल्यात मी महाबळेश्वरला. मला कुणी हाताला धरून नेणार नाही." आणि आपला ट्रे उचलून त्या तो परत ठेवायला निघून गेल्या. पाठ ताठ होती. पदर खोचलेला होता.

आता जे झालं त्याची कर्ती मी आहे. लपवत नाही.

"भावजी," मी म्हटलं, "मी आईंना असं सांगते की सोबत तुमच्या आईंना हवीये. त्या जरा घाबरतात, विसरतात. तर आई, तुम्ही त्यांना सांभाळून न्याल का? मग त्या नाही म्हणणार नाहीत."

भावजींचा चेहरा उजळला आणि लगेच ओशाळला. "वहिनी, खरं सांगू? आमची आईपण सोबत नकोच म्हणते. मी तिला काल हेच सांगितलंय. तुमच्या सासूबाईंबद्दल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन गुन्हेगारांना एकाच खिशात हात घालताना भेटल्यावर जो आदर वाटत असेल, तो मला त्या क्षणी वाटला.

बेत उत्तम चालला. "असं होय?" सासूबाई म्हणाल्या. "मग आधीच सांगायचं नाही का! नेईन की. बिचारी." आणि दुसऱ्याच दिवशी ओळख करून घ्यायला म्हणून त्यांनी बोस्टनला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारी भाजी निवडत होते.

"नमस्कार! मी! सिंगापूरहून! बोलतेय!" सासूबाई एकेक शब्द सुटा करून ओरडल्या. "ऐकू! येतंय ना!"

"येतंय हं!" पलीकडून तितक्याच जोरात, तितक्याच सावकाश उत्तर आलं. "तुम्ही! काही! घाबरू नका! मी आहे!"

"हो हो! मीपण आहे! पासपोर्ट कुठे ठेवलाय, आठवतंय ना?"

"माझा कपाटात आहे. तुमचा?"

"माझाही कपाटात आहे."

"छान! शाब्बास!"

मी भाजीची परात उचलून आत गेले आणि फ्रिजचं दार उघडून त्यात तोंड घालून हसले. बाहेर आले तर सासूबाई हळहळत होत्या. "बाई गोड आहेत गं. पण मला विचारत होत्या, विमानातला पट्टा लावता येतो का. काय अवस्था होते माणसाची." संध्याकाळी भावजींचा फोन आला, त्यांच्या आईंचा अहवाल घेऊन: मनानं चांगल्या आहेत, पण मागेपुढे कुणीतरी लागेल त्यांना.

तिकिटं निघाली. थेट विमान, रात्रीचं, दोघींचं एकच बुकिंग, कडेच्या जागा, स्वच्छतागृहापासून अकरा पावलं. एक्सेलचे सर्वाधिक गुण. मार्चअखेर नणंद आली आणि सासूबाईंना घेऊन गेली. विमानतळावर नवऱ्यानं त्यांच्या गळ्यात पाऊच अडकवला, त्यात कागद: कुठे उतरायचं, कुणाला फोन करायचा, रक्तगट. "खाली 'नाजूक' असंपण लिही," सासूबाई म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका रात्री भावजींचा फोन आला. "वहिनी, चीफ घरी आहेत? असतील तर आधी त्यांना बसवा."

नवरा बसला.

"आत्ता मेल आलाय. दोघींचं तिकीट बदललंय. सकाळचं विमान, लंडनला एक रात्र, दुसऱ्या दिवशी पुढे. मी काही केलेलं नाही. आमच्या ताईनंपण नाही."

भावजींना लाइनवर ठेवूनच आम्ही लगेच बोस्टनला फोन लावला. नणंदेच्या घरचा फोन भावजींच्या आईंनी उचलला, हे पहिलं आश्चर्य. या काकू जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेल्या. आवाजात शिक्का मारल्यासारखा ठसका. ओरडणं नाही, सुटे शब्द नाहीत.

"हो, मीच बदललं," त्या म्हणाल्या. "विमान कंपनीला फोन करून. एकच बुकिंग होतं, त्यामुळे सोपं गेलं. आमच्या चिरंजीवांनीच सांगितलं होतं ना, तुमच्या सासूबाई जरा आजारी आहेत? त्यांची इच्छा एवढीच होती. आजारी माणसाची इच्छा मोडू नये."

मागून सासूबाईंचा आवाज आला. "आजारी तुम्ही! मी तुम्हाला सांभाळतेय!"

मग दोघी हसत सुटल्या.

"आम्हाला पहिल्याच भेटीत कळलं सगळं," काकू म्हणाल्या. "बागेत भेटलो. निघताना तुमच्या सासूबाईंनी रस्ता ओलांडायला माझा हात धरला. मी ह्यांचा धरलाच होता. अर्धा रस्ता झाल्यावर आम्ही थांबलो. म्हटलं, कोण कुणाला नेतंय?"

"आई," नवरा म्हणाला, "लंडनला रात्र काढायची तर त्याचे कागद? परवानगी? तिकडे अडकलात तर?"

"चार वेळा विचारलंय," काकूंनीच उत्तर दिलं. "दर वेळी वेगळा माणूस, उत्तर तेच: आमच्या कागदांवर चालतं. चौघांची नावं आणि वेळ लिहून ठेवलीय."

"पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं की रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझं जैन जेवणावर चाललं होतं."

प्रवासाच्या दिवशी नवऱ्यानं फोनवर ते विमान शोधलं आणि समोर टेकवून ठेवलं. पिवळं चिमुकलं विमान निळ्या पट्ट्यावर सरकत होतं. जेवताना त्याचं लक्ष ताटात नव्हतं. "बराच मोठा आहे गं," तो एकदा म्हणाला. चौदा वेळा ओलांडलेला माणूस!

पुढचा रविवार. दिराच्या घरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दोघी, शेजारी शेजारी, हातात चहा. बाळ व्हायचं होतं अजून. आम्ही तिघं आणि खास बुकित बातोकहून आलेले भावजी एका सोफ्यावर कोंबून बसलो होतो.

"कसं झालं?" मी विचारलं.

सांगितलं काकूंनीच. सासूबाई मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होत्या.

"सकाळी आठला निघालो. तासाभरात खायला दिलं, आणि ती मुलगी येऊन सांगते, खिडक्या बंद करा. अहो, बाहेर लख्ख ऊन! आत भर सकाळी रात्र केली. सगळे पांघरुणं घेऊन आडवे, नाहीतर सिनेमे लावून बसलेले. दोनशे माणसं असतील, उघडी खिडकी एक. आमची."

"कडेचा माणूस कुरकुरला," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या सिनेमावर ऊन पडत होतं."

"मग?" भावजी.

"मी त्या मुलीला विचारलं, हा नियम आहे की विनंती? ती म्हणाली, विनंती. म्हटलं, मग नामंजूर."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. भावजींच्या चेहऱ्यावर मात्र मला, बहुधा अनेक वर्षांनी, आईचा अभिमान दिसला.

"पण दिसलं का काही?" नवरा पुढे झुकला. "आई, ढगच असतील ना सगळे?"

"पहिला तासभर जमीनच होती, मग ढग," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, झालं. तीन हजार मैल कापूस बघत बसायचं. ह्या झोपल्यासुद्धा."

"डोळे मिटले होते. झोपले नव्हते."

"घोरत होतात."

मग ढग फाटले आणि समुद्र आला, असं त्या दोघींच्या बोलण्यावरून कळलं. कसा आला ते सासूबाईंना सांगता येईना. त्या नुसता हात पसरायच्या आणि परत चहाकडे बघायच्या. निळा होता, म्हणाल्या. मग म्हणाल्या, निळा नव्हता, काळाच होता, वर ऊन होतं. एक जहाज दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. "तू खाली असशील म्हणून हात केला नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नंतर पुढे काहीतरी पांढरं दिसायला लागलं. ते ढगासारखं वर तरंगत नव्हतं, पाण्याला चिकटून बसलं होतं, दुधावरच्या सायीसारखं. त्याला काठ होता. काठाच्या अलीकडे समुद्र उघडा, पलीकडे पाणीच नाहीसं. सासूबाईंनी समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा लावला. न्यूफाउंडलंड.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही यापुढचं सांगायला नको. भौगोलिक कारणे लिहा: न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ दाट धुके पडते. उत्तर: येथे लॅब्राडोरचा शीत प्रवाह आणि गल्फचा उष्ण प्रवाह एकमेकांना मिळतात. गुण दोन. मी लिहिलंय, नवऱ्यानं लिहिलंय, भावजींनी लिहिलंय. आमच्यापैकी कुणालाही न्यूफाउंडलंड हे खरंच कुठे असेल असं वाटलेलं नाही. ते प्रश्नपत्रिकेत असायचं. सासूबाईंना त्यांच्या बाईंनी तेच सांगितलं होतं, त्यांनी बत्तीस वर्षं पोरींना तेच सांगितलं, एक प्रवाह राहिला तर एक गुण कापला. तपासून कुणी पाहिलं होतं?

"आणि मग ह्यांनी," काकू म्हणाल्या, "माझं मनगट असं आवळलं! आणि त्या अंधारात, सगळे झोपलेले असताना, अगदी वर्गातल्या आवाजात. चार रांगा मागची माणसं दचकून उठली. ती मुलगी धावत आली, तिला वाटलं ह्यांना काही झालं."

"मी काय म्हटलं ते मला आठवत नाही," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"मला आठवतंय ना. ह्या ओरडल्या, 'अगं बाई! म्हणजे मी खोटं नव्हते शिकवत!'"